स्थिती : बरी

एकतीस वर्षं मी तलाव लिहिले.
भंडाऱ्याच्या ऑफिसात, पंख्याखाली, निळ्या शाईनं :
गाव, गट क्रमांक, पाळीची लांबी, सांडव्याची स्थिती.
बरी. बरी. दुरुस्ती आवश्यक. बरी.
माजी मालगुजारी तलाव, म्हणजे मा.मा. तलाव;
इतके मामा, आणि एकाच्याही घरी गेले नाही.

निवृत्तीनंतर आठव्या दिवशी स्कूटी काढली.
पुतण्या म्हणाला, आत्या, गाडी करून देतो, ड्रायव्हरसकट.
म्हटलं, कुठे थांबायचं ते ड्रायव्हरला काय सांगू,
मलाच कुठं माहीत आहे.
डिकीत दशम्या, जवसाची चटणी, एक जादा स्वेटर,
आणि वही. ऑफिसची नाही,
जेवणाच्या सुट्टीत उतरवून घेतलेली, माझी.

लाखनीपर्यंत ट्रक.
बाजूनं एक गेला की स्कूटी अंग चोरते, मीही.
साकोलीला चहा. चहावाला म्हणाला, "सोबत कोणी?"
"आहे ना," म्हटलं,
आणि हेल्मेट शेजारी बाकावर ठेवलं.

कोहमाऱ्याला उजवीकडे वळले.
साग सुरू झाला, मग ऐन, मग मोह,
मग काही वेळ नुसतं धुकं आणि माझा स्वतःचा हॉर्न.
इथले डोंगर उंच नाहीत.
पाणी मांडीवर घ्यायचं म्हणून
खाली बसल्यासारखे बसलेत.

वळण संपलं आणि ते दिसलं.

एवढं?
वहीत याला एक रकाना होता, बुडीत क्षेत्र, दोन दशांश स्थळांपर्यंत.
वहीत बदकं नव्हती.
कमळाची वाळकी देठं नव्हती, डोंग्यात उभा राहून
जाळं झटकणारा माणूस नव्हता,
आणि त्या झटकण्याचा आवाज
माणसाच्या नंतर येतो, हेही नव्हतं.
चपला काढल्या. पौषाचं पाणी.
घोट्याला असा चटका बसला
की मी मोठ्यानं "अगं आई" म्हणाले
आणि पलीकडची बदकं उडाली. माझ्यामुळे!
साठीच्या बाईनं तेवढ्यावर खूश व्हावं का,
माहीत नाही. झाले.

मग क्रमांक तीनशे बारा. खैरीटोला.
याच्यापुढे दर मार्चमध्ये मी "बरी" लिहिलं,
अक्षर बिघडू न देता.
दोनदा रस्ता चुकले, एकदा बैलगाडीमागं मैलभर रांगले.
पाळ सापडली, तिच्यावरचं आंब्याचं झाड सापडलं.
पाळीच्या आत
धानाची खुंटं, आणि खुंटांमधून लाखोळी,
निळ्या, बारक्या फुलांची, पार टोकापर्यंत.

भागरता वलथरे पाळीवर उकडलेले शिंगाडे घेऊन बसली होती.
"बोडी? ते तं माह्या लगनाच्या आंदीच बुजली वो बाई.
तुमी पाहाले आल्या? एकल्याच?"
मी वही उघडून दाखवली. तिला वाचता येत नव्हतं,
मी वाचून दाखवलं.
ती हसली, पदर तोंडाला लावून, बराच वेळ.
"मंग थे कागदावरचं पानी आना ना इकडं.
हात धुवाले पानी नाई अठी."

शिंगाड्याचा काटा अंगठ्यात गेला.
आत पांढरं, गोड, किंचित चिखलाची चव :
"दुसऱ्या तलावाचे हायेत," ती म्हणाली, "तीन कोस."
पेन काढलं.
"बरी" खोडायला हात उचलला, आणि वाऱ्यानं
सगळी निळी फुलं एका बाजूला निजली, पुन्हा उठली,
पाणी करतं तसं.
पेनाला टोपण लावलं. मग काढलं. मग खोडलंच.
काय लिहायचं ते अजून सुचलेलं नाही,
रकाना रिकामा आहे.

तीनशे तेरा कुठे, विचारलं,
तर तिनं हनुवटीनं डोंगर दाखवला.
शिंगाड्यांचे पैसे दिले, सुटे नव्हते, राहू दे म्हटलं,
तिनं आणखी ओंजळभर डिकीत टाकले.

बटण दाबलं. स्कूटी गप्प.
पुन्हा दाबलं.
"लात मारा," भागरता म्हणाली.