आजचा सुविचार, वडूज स्टँड

चौकशीच्या खिडकीशेजारी एक फळा होता.
वर ऑइल पेंटमध्ये कायमचं 'आजचा सुविचार',
खाली खडूसाठी चार ओळींची जागा.
तिथे थोरामोठ्यांची वाक्यं असत,
कॅलेंडरच्या पाठीवरून उतरवलेली,
आणि ती कोणी वाचत नसे. मीही नाही.
मी सात-दहाच्या सातारा गाडीने कॉलेजला जायचो,
आणि सात-दहाची सात-चाळीसला यायची.

मग नियंत्रक म्हणून मदने आले,
दहिवडीकडचे, कानात कापसाचा बोळा, खिशात खडू.
पहिल्याच सकाळी लिहिलं:
'गाडी उशिरा आली हे खरं.
पण तुम्ही लवकर आलात, हे तिला कोणी कळवलं होतं?'

कातरखटावची एक बाई फसकन हसली.
शेजारच्याला वाचता येत नव्हतं,
त्याला तिने वाचून दाखवलं.
तो हसला नाही. म्हणाला, बरोबर हाय की.

मदने कुठून आणायचे हे?
खिडकीच्या जाळीतून दिसेल तेवढ्यातूनच.

'खिडकीची जागा मिळाली की माणूस झोपतो.'

'सुट्ट्या रुपयावरून जो भांडतो
त्याचं भांडण घरून निघालेलं असतं.'

'पाहुण्याला सोडायला आलात
तर चाक हलेपर्यंत थांबा.
गाडी रद्दही होते.'

एकदा बांधाच्या केसमधले दोन भाऊ
कोर्टाची तारीख संपवून स्टँडवर आले,
दोन बाकांवर, दोन दिशांना तोंड करून बसले.
गाडी लागली तशी धाकटा धावला,
खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली. दोन.
दुसऱ्या दिवशी फळ्यावर:
'वैर करावं, पण उभ्याने प्रवास करू देऊ नये.'

काही दिवस त्यांनाही सुचायचं नाही.
एप्रिलात एकदा नुसतं 'ऊन आहे' लिहिलं.
लोक वाचायचे, वर बघायचे, मान हलवायचे.

साताऱ्याहून साहेब तपासणीला आले.
म्हणाले, याला सुविचार म्हणतात का?
आणि खाली नाव लागतं, कुणाचं वाक्य ते.
मदने हो म्हणाले.
दुसऱ्या दिवशी लिहिलं:
'विचारून चुकलेला माणूस एकटा चुकत नाही.'
खाली रेघ मारून: चौकशी खिडकी.

पुढे पावसाळ्यात ते चार दिवस आलेच नाहीत.
मुलीला पुण्याला नोकरी लागली म्हणे,
तिला सोडायला गेले; कोणी म्हणालं, ताप आहे.
फळ्यावर जुनंच वाक्य फिकं होत राहिलं.
पाचव्या दिवशी ते पुसलेलं,
आणि मोठ्या, वाकड्या, उजवीकडे उतरत गेलेल्या अक्षरांत:
'मदने सायेब घरि आहेत.
घरि असणं बी चांगलंच असतंय.'

खडू कुणाच्या हाताला लागला होता ते
सगळ्या स्टँडला माहीत होतं:
पारूबाई खुडे झाडू टेकवून
उगाच फलटणच्या गाडीकडे बघत उभ्या होत्या.

मदने आले. डबा ठेवायच्या आधी फळ्यापाशी थांबले.
बोट ओलं करून दोन्ही 'घरि' पुसले,
दोन्हींना दीर्घ वेलांटी दिली.
'सायेब' तसंच ठेवलं. 'बी' तसंच ठेवलं.
मग रेघ मारून खाली नाव लिहिलं,
आडनावासकट.

आठवडाभर फळा बदलला नाही.
त्या आठवड्यात सात-दहाची दोनदा रद्द झाली.
कोणी तक्रार केली नाही.
मी केली, पण हळू आवाजात.