प्रेषक : प्रल्हाद भिरूड

एप्रिलची दुपार, भुसावळ सत्तेचाळीसवर.
कूलरच्या पाण्यात वाळ्याची जुडी,
आणि स्क्रीनवर प्रल्हादचं पत्र,
या महिन्यातलं तिसरं :
'प्रिय मित्रा, गुडघेदुखी विसर.
फक्त नऊशे नव्व्याण्णव. खालची निळी ओळ दाब.'

प्रल्हादला जाऊन चवदा महिने झाले.
तापीकाठी नेताना एक खांदा माझा होता.
हयातभर त्यानं मला 'प्रिय' म्हटलं नाही,
'काय भो' म्हणायचा,
तेही तोंडात पानाचा तोबरा असताना.

तेवढ्यात यावलहून सिकंदर तडवीचा फोन :
तुलाही आलं का?
मग सावद्याहून कोलतेबाई.
बाईंनी ती ओळ दाबलीही होती.
म्हणाल्या, वाटलं, कुमुदवहिनींनी काही कळवलंय.

एकतीस वर्षं आर.एम.एस.मध्ये काढली आम्ही,
रात्रीच्या डब्यात, हलत्या उजेडात,
मी वऱ्हाडच्या खणांपुढे, तो खानदेशच्या.
चोपडा, पारोळा, शिरपूर, शहादा,
मान वर न करता फेकायचा
आणि पत्र आपल्या खणात जाऊन बसायचं.

कचरा तेव्हाही यायचा.
'हे कार्ड एकवीस जणांना लिहा.
धरणगावच्या एकानं फाडलं, त्याची म्हैस मेली.'
गठ्ठ्यानं यायची, एकाच हातची, एकाच शाईतली.
प्रल्हाद ती वाचून दाखवायचा म्हशीच्या आवाजात,
डबाभर हसू,
आणि तरी एकेक खणात टाकायचा.
पंधरा पैसे भरलेत ना त्यानं, म्हणायचा,
आपण कोण अडवणारे?

फक्त शिक्के टिपून ठेवायचा
डायरीच्या मागच्या पानावर :
अमळनेर, सकाळचं टपाल. अमळनेर. पुन्हा अमळनेर.
वर्षभरानं म्हणाला,
एकच माणूस आहे भो,
आणि त्याला झोप येत नाही.

आता शिक्के राहिले नाहीत म्हणतात.
आहेत. नातवानं काढून दाखवले,
पत्राच्या पोटात बारीक अक्षरांचा रकाना,
कुठून निघालं, कुठल्या ठेसनात किती सेकंद थांबलं.
चष्मा पुसून वाचत गेलो, खालून वर,
तसंच वाचावं लागतं ते.
प्रल्हादचं नाव नुसतं पाकिटावर.
आत कुठलंसं परकं गाव,
तिथे तेव्हा रात्रीचे तीन वाजले होते.

तक्रार लिहिली.
सगळा रकाना जोडला, एक अक्षर न गाळता.
'सदर इसम मयत आहे' लिहिलं.
खोडलं, यंत्राला काय त्याचं.
पुन्हा लिहिलं.

मग उरलं ते बटण.
या प्रेषकाकडून येणारं सगळं कायमचं अडवायचं का?
नव्या साहेबासारखं अदबीनं विचारत होतं.

याच पत्त्यावरून आला होता
त्याच्या नातीच्या बारशाचा फोटो, आडवा.
बामणोदच्या भरिताच्या वांग्यांचा भाव,
अधूनमधून, मी न विचारता.
आणि शेवटचं, दवाखान्यातून,
विषयाची जागा रिकामी, आत एकच शब्द :
'गरम.'

जुनं सगळं राहील आजोबा, नातू म्हणाला,
फक्त नवं यायचं बंद होईल.

नवं.

कूलरचं पाणी संपलं होतं,
पंखा कोरडाच खडखडत होता.
दाबलं.

कोलतेबाईंना फोन करून म्हटलं,
आधी पासवर्ड बदला, मग त्याला अडवा,
घाबरू नका, तो तो नाहीये.
बाई रडल्या थोडं, मग 'पासवर्ड कुठे असतो' विचारलं.

सिकंदरलाही तेच सांगितलं.
तो जरा वेळ काहीच बोलला नाही,
मागे त्याची बकरी ओरडत होती.
मग म्हणाला,
मी नाही दाबत भो.
हप्त्यातून एकदा नाव तर दिसतं.