दोनशे बारावा खांब

लिवाच्या रस्त्याला, गाफच्या झाडांभोवती
सोळा किलोमीटर जाळी.
उंटांनी पाला खाऊ नये म्हणून.
शमाल सुटला की वाळू येऊन टेकते जाळीला,
गुडघ्याएवढी, कमरेएवढी,
आणि आम्ही ती फावड्याने मागे ओढतो.
एवढंच काम. वाऱ्याच्या विरुद्ध,
महिना बाराशे दिरहम.

कुंपणच शेत खातं, आबा म्हणायचे
बांधावरून भावाशी भांडून आले की.
इथं वाळू कुंपण खाते.
शेताचं कुणी काढतच नाही.

माझ्या आडनावातला ळ
फोरमनच्या जिभेला ओलांडता येत नाही.
पिसाल, म्हणतो तो. पाच वर्षांत मीही
फोनवर तसंच सांगू लागलोय.
सुट्टीला बागेच्या दारात रखवालदार म्हणतो,
फक्त फॅमिली.
मी मोबाईलमधली फॅमिली दाखवतो:
तिघी पोरी, रांगेने, दात काढून.
तोही केरळात चौघांना ठेवून आलेला.
हसतो. बाजूला होत नाही.

परवा पाण्याच्या टँकरमागून
उंटाचं एक पिल्लू आत शिरलं.
फाटक लागलं. आई बाहेर.
तीन रात्री ती जाळीला तोंड लावून ओरडली,
ते रफिकुलला त्याच्या भाषेत कळलं, मला माझ्या.
किल्ली अबुधाबीच्या ऑफिसात,
आमचे पासपोर्ट आहेत त्याच कपाटात.
आणि ईदची सुट्टी.

चौथ्या दिवशी वारा उठला.
दोनशे बाराव्या खांबाशी
माझं फावडं थांबलं.
म्हणजे, मुद्दाम असं नाही. पाठ भरून आली होती.
रफिकुलने पाहिलं,
मग दुसरीकडे पाहिलं.

सकाळी वाळूवर तिची पावलं,
पसरट, भाकरीएवढी,
चढताना खोल, उतरताना घसरलेली.
आत झाडाखाली दोघं.
आणि गाफचा पाला
तिच्या मानेच्या उंचीपर्यंत साफ.

दोन दिवसांचा पगार कापला.
फोरमन म्हणाला, पिसाल, ही वाळू कुणाची?
मी म्हटलं, वाऱ्याची.

संध्याकाळी, फावडं मारण्याआधी
त्या उंचवट्यावर चढलो.
तार पायाखाली, कुठेतरी खोल.
इकडे वाळू, तिकडेही तीच.
जरा वेळ उभा राहिलो
कुणाच्याच हद्दीत नसल्यासारखा.
पाण्याची बाटली हातातून सुटली,
गडगडत आतल्या बाजूला गेली.

आणायला गेलो नाही.