उरलेला स्क्रू

खोका आला मंगळवारी. दोघांनी उचलून
ओल्या गवतावर ठेवला,
आणि वेंडेल दारातूनच म्हणाला,
"हे लाकूड? हे तर बिस्किट आहे."

चाळीस वर्षं त्यानं होड्या बांधल्या लुननबर्गच्या धक्क्यावर,
कागदावर एक रेघ न ओढता.
डोळे मिटून फळीवरून तळवा फिरवायचा
आणि सांगायचा, इथे पाणी शिरेल.
तोच तळवा आता कपातली कॉफी बशीत सांडतो.
लेकीनं हॅलिफॅक्सहून पाठवलं हे खुराडं,
जोडायचं आपलं आपण.
बाबांना काहीतरी उद्योग हवा, म्हणाली.
उद्योग!
त्या रात्री तो जेवला नाही.

बुधवारी उठून बघते तर
पुड्या फोडून स्क्रू मांडलेले
माझ्या मफिनच्या साच्यात, उंचीप्रमाणे.
सूचनांच्या कागदावर शब्द नव्हतेच,
नुसता एक टकला हसरा माणूस
आणि बाण. बाण. बाण.
"यानं कधी कोंबडी पाळलेली दिसत नाही,"
म्हणत वेंडेलनं कागद उलटा धरला.

तो स्क्रू धरायचा, मी त्याचं मनगट.
त्याबद्दल बोलायचं नाही,
हे न बोलताच ठरलं.
गुरुवारी छप्पर उलटं बसलं
तेव्हा त्यानं देवाचं नाव घेतलं,
चर्चमध्ये इतक्या मनापासून घेत नाही.

खोक्यावर छापलं होतं: सहा कोंबड्यांसाठी.
कुठल्या देशातल्या सहा, देव जाणे.
आमच्या तीनच, तरी दारात शेपट्या अडकतात.
दाराची कडी मात्र त्यानं स्वतःची लावली,
जुन्या होडीवरची, पितळेची,
उघडायला दोन अंगठे लागतात.
"रॅकूनला अंगठे कुठे असतात?" मी म्हटलं.
"डोकं असतं," तो म्हणाला.

आणि संध्याकाळी कोंबड्या गायब.
कंदील घेऊन शोधल्या, तर शेडमागे
त्याची शेवटची होडी पालथी पडलेली,
अर्धीच राहिलेली, एक फळी निखळलेली,
तिच्या पोटात आडव्या पट्टीवर
तिघी ओळीनं, माना पिसांत खुपसून.
नवं घर रिकामं, रंगाचा वास मारत उभं.

वेंडेल वाकून बघत राहिला. बराच वेळ.
मग एकेकीला काखेत मारून
नव्या घरात नेऊन सोडलं.
दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्याही.
"अक्कल नाही," तो पुटपुटतो, "नव्याची किंमत नाही,"
आणि अंधारात मला कळत नाही
काखेतली कोंबडी थरथरतेय की हात.

अंडं अजून एकही नाही.
एक स्क्रू उरलाय, साच्याच्या शेवटच्या खळग्यात.
कुठला, ते त्या टकल्यालाही ठाऊक नसावं.
रात्री खाडीवरून वारा उठला
की वेंडेल अंथरुणात बसून राहतो.
"ऐकलंस?"
"काय?"
"काही पडलं नाही," तो म्हणतो,
आणि बसूनच राहतो.