काळ्या काचेवरची रेघ

थंडर बे. उणे एकतीस.
सरोवर गोठून महिना झालाय,
आणि पेन्शन कचेरीच्या तिसऱ्या मजल्यावर
माझ्या ब्राउझरमध्ये,
हवामान आणि कँटीनचा मेनू यांच्या मधल्या टॅबमध्ये,
उघडतं एकोणीसशे चौऱ्याहत्तर.

चोवीस ओळी, ऐंशी रकाने.
काळं. त्यावर हिरवं.
एक चौकोन लुकलुकतो,
म्हणतो, सांग.

मूळ यंत्र इथे नाहीच.
पूर्वी तळघरात होतं, म्हणे,
लोक त्याच्या उबेला ओले हातमोजे वाळत घालत.
आता कुठल्या गावी आहे, कुणी सांगत नाही.
आम्ही हाक मारतो, ते ओ देतं.
कधी उशिरा. तेव्हा तळाच्या ओळीत फुली उमटते,
फुलीशेजारी इवलंसं घड्याळ,
आणि कळफलक मुका होतो.
म्हातारं माणूस आठवत असताना
मध्ये बोलू नये, तसं थांबायचं.

ऐली राउतिओ थांबत नाही.
तिची बोटं पडद्याच्या दोन पानं पुढे असतात:
सात, एंटर, टॅब टॅब, वाय, एफ-आठ.
पडदा मागून धापा टाकत येतो,
मोठ्या बहिणीमागे पळणारं शेंडेफळ.
चौतीस वर्षं.
माऊस ती दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवते,
ताटातलं माशाचं हाड ठेवावं तसा.

मला नेमलंय यावर कातडं चढवायला.
असंच म्हणतात आमच्या धंद्यात.
निळी बटणं, गोल कोपरे, तारखेला छोटंसं कॅलेंडर;
आत तेच म्हातारं बोलतंय, वर आमचा हसरा चेहरा.
सहा रकाने निवडले मी.
नाव, जन्म, नोकरी, रक्कम, बँक, स्थिती.
बाकीचं कुणी बघत नाही, असं बैठकीत ठरलं.
ठरवणाऱ्यांत मीही होतो.

मंगळवारी वेस्टफोर्टहून फोन आला.
आय. पेर्सिको. धान्यकोठारांच्या कँटीनमध्ये सव्वीस वर्षं.
दोन महिने पैसे नाहीत.
माझ्या पानावर: स्थिती, मयत.
बटण राखाडी.
"बाई, तुम्ही..." म्हणालो,
आणि पुढचं वाक्य कुठल्याच बटणात नव्हतं.

ऐलीनं पायानं माझी खुर्ची सरकवली.
कातडं सोललं.
एफ-अकरा. पुन्हा एफ-अकरा.
उजवीकडे आणखी काही आहे
हेच मला माहीत नव्हतं.
पान चौदा, सर्वांत खाली, एक ओळ,
स्वल्पविरामालाही जागा न परवडलेली:

जुळ्या बहिणी इओलांदा इमाकोलाता
आद्याक्षर जन्म एकच मिसळू नका
आधी फोन करा टी एच ८९

"टी एच कोण?"
"तोइवो. माझ्या आधी या खुर्चीत होता.
एका कानानं बहिरा. फोनवर ओरडायचा."
एवढंच. मग फोन हातात घेऊन, हळू आवाजात:
"इओलांदा, इमाकोलाता कधी गेली?"
पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही.
पैशांचं तर दोघींनीही काढलं नाही.

काळ्या दगडावरची रेघ म्हणतात;
ही काचेवरची. एका बटणासरशी पुसली असती.
तिथे ती राहिली,
तीन सरकारं आणि दोन दुरुस्त्यांच्या खाली,
कारण तिच्यापर्यंत जायचा कुणाला कंटाळा आला.

ऐलीनं स्थिती बदलली. एंटर.
तळाला फुली. घड्याळ.
आणि पहिल्यांदाच मी पाहिलं,
तिनं हात मांडीवर ठेवले
आणि वाट पाहिली.

संध्याकाळी मी सातवा रकाना जोडला.
नाव दिलं: शेरा.
त्याचे कोपरे गोल केले नाहीत.