क भाग

दारव्ह्याच्या कोर्टात, जिन्याखालच्या खोलीत
मी नकला देतो.
लोक बहुतेक धुऱ्याच्या भांडणांची कागदं मागायला येतात,
वाटणीचे हुकूमनामे, वारसाचे दाखले.
फारकतीची नक्कल मागणारं माणूस
आधी दारावरून एकदा पुढे निघून जातं,
मग परत येतं.

ती तशीच आली. मार्चमधला मंगळवार.
पिशवीत वहीचा पुठ्ठा, पुठ्ठ्यात रेशनकार्ड,
आणि तहसिलातल्या कुणीतरी पेन्सिलीनं दिलेली ओळ:
घटस्फोटाचा पुरावा जोडावा.

केस नंबर?
नाही.
निकालाची तारीख?
"तारीख नाई सायेब. पन त्या साली
आमच्या गावात मोबाइलचा टावर लागला,
अन् दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा होता.
भाच्यासाठी लाकडाचा बैल घेऊन गेली होती मी
इथूनच, कोर्टातून जाता जाता."

टॉवर म्हणजे दोन हजार तीन, नाहीतर चार.
तान्हा पोळा म्हणजे ऑगस्टचा शेवट, नाहीतर सप्टेंबर.
लाल फडक्यातलं रजिस्टर सोडलं
आणि थुंकीनं बोट ओलं करत
एकेक आडनाव उतरत गेलो.

गुल्हाने सापडेना.
तेव्हा काय आडनाव होतं?
ती गप्प. मग इतकं हळू,
की शेजारणीकडे उसनं मागावं:
"काळबांडे."

सापडली. अर्ज क्रमांक एकशे बारा.
गोकर्णा भ्र. देविदास काळबांडे.
भ्र. म्हणजे भ्रतार. आमच्या कागदांत तो अजून
एका अक्षरात आणि एका टिंबात बसतो.

अर्जाला तिकीट लावलं, पानांचे पैसे घेतले,
आठ दिवसांनी या म्हणालो.
ती नवव्या दिवशी आली.
काल बाजार होता, लग्नाचे ब्लाउज द्यायचे होते म्हणाली.
बोटाला खडूचा निळा रंग तसाच.

दोन पानं. शिक्का, सही, खाली "खरी नक्कल".
तिनं उलटून पाहिलं. पुन्हा उलटून पाहिलं.
"एवढंच?
मी तीन तारखा बोलली, सायेब.
जजबाई सगळं टाइप करून घेत होत्या.
मधात मले पानी पाजलं, ते बी त्यायनंच."

मी नियम सांगितला. नियम सांगणं सोपं असतं.
हुकूमनामा अ भागात, तो कायम.
जबान्या, पुरशिस, तारीख वाढवून मागितल्याचे अर्ज,
ते सगळं क भागात.
मुदत संपली की यादी होते,
यादीवर सही होते,
मागच्या निंबाखाली टेम्पो लागतो.
तुमचं दोन हजार पंधरात गेलं.
सही माझी होती, हे सांगितलं नाही.

ती बाकावर बसली.
मला वाटलं, आता रडेल.
खोलीत ग्लास एकच, तोही साहेबांचा,
मी उठून विसळायला घेतला.
पण ती बोटांवर काहीतरी मोजत होती.

"म्हंजे कोर्टानं अकरा वर्सांत फेकलं," ती म्हणाली,
"अन् मी अजून पाठ करून राह्यली."

हसली की काय, नक्की सांगता येत नाही.
पाणी मात्र प्यायली, अख्खा ग्लास.

नक्कल मिळाल्याची वहीत सही लागते.
तिनं गोकर्णा लिहिलं. पेन थांबलं.
मग मधली जागा सोडून
गुल्हाने.
त्या ओळीत बोटभर कोरं आहे.
तपासणीवाले विचारतील,
तेव्हा काय सांगायचं ते बघू.

बाहेर दिग्रसची गाडी लागली होती, ती घाईनं गेली.
सुट्टे सहा रुपये द्यायचे होते तिला, राहिले.
ड्रॉवरमध्ये ठेवलेत,
टाचण्यांच्या डबीत,
वेगळे.