इतिवृत्तात न आलेलं

मंगळवार. हार्लिंगनचा पंप-कारखाना, वरचा मजला.
विषय एकच : सुट्या भागांना यापुढे नंबर कसे द्यायचे.
हजर, आम्ही सहा.
खिडकीच्या फटीत कोंबलेला पुठ्ठा, त्यातून शिट्टी घालणारा वारा.
कॉफी. माणशी एक बिस्किट.

हिल्के डाइकस्ट्रा, भांडारात एक्केचाळीस वर्षं,
खिशातून एक बुश काढून टेबलावर ठेवतो.
२१-३८-०४-७.
एकवीस म्हणजे पितळ.
अडतीस, आतला व्यास.
चार म्हणजे चौथ्या जातीचा पंप,
आणि सात, सातवी फळी.
"नंबर ऐकला की वस्तू दिसते," तो म्हणतो,
"दिवे गेले तरी."

खोटं नाही. त्या वादळाच्या रात्री
समुद्र बांधाच्या कानाशी आला होता,
फोनवर कुणीतरी नुसता नंबर ओरडलं
आणि हिल्केनं काडीही न ओढता
अंधारात हात घालून बुश काढून दिला.
सकाळी गाई कोरड्या गवतावर उभ्या होत्या.

सित्स्के विनिया, आमच्यात सगळ्यात लहान,
बुश उचलते, त्यावर नख ओढते,
खिशातलं लोहचुंबक लावते.
टक्.
"हे पितळ नाही."

कुणी बिस्किटही चावत नाही.

"पितळ महागलं तेव्हा आपण स्टील घेतलं, नंबर तोच ठेवला.
चौथ्या जातीचा पंप बारा वर्षांत कुणी मागितला नाही,
हा बुश आता नवव्यात बसतो.
सातवी फळी गंजून पडली, तिथे सायकली लावतात.
अडतीस मात्र अडतीस आहे.
म्हणजे, मोजून बघायला हवं."

तिला हवेत क्रमानं नंबर. सहा आकडी, मुके.
एक लाख एक, एक लाख दोन, जो आधी आला तो आधी.
शून्यानं सुरुवात नको, संगणक शून्य गिळतो.
अक्षरं नकोत, ओ आणि शून्य जुळे भाऊ आहेत,
त्यांच्यापायी एकदा ग्रोनिंगनला तीनशे चुकीचे गॅस्केट गेले.
"ज्याला काहीच माहीत नाही," ती म्हणते,
"तो खोटं कुठून बोलणार?"

"मग ओळखायचं कशावरून?"
"नोंदीवरून. नंबरनं फक्त बोट दाखवायचं."

इथे माझी पेन्सिल थांबली.
डाइकस्ट्रा म्हणजे बांधावरचा.
असेल हिल्केचा कुणी खापरपणजोबा बांधावर.
हिल्के राहतो बेकरीच्या वर, तिसऱ्या मजल्यावर,
आणि पाण्याला घाबरतो.
तरी त्याचं टपाल त्यालाच मिळतं.
अर्थ कधीच सुटून पडला, नाव चालू आहे,
दात झिजलेल्या किल्लीनं
सवयीचं कुलूप उघडावं तसं.

हे मी कुणाला बोललो नाही.
मालक बाउके पोस्टमांनी घड्याळ पाहिलं.
ठरलं ते असं :
जुने भाग जुन्याच नंबरानं राहतील,
पण त्यांचं म्हणणं कुणी ऐकायचं नाही.
नवे येतील ते मुके.
पहिला नंबर कुणाला, यावर पाव तास गेला.
पोस्टमांना इंपेलर हवा होता, पंपाचं काळीज म्हणून.
मिळाला एका वॉशरला,
कारण त्याचंच रेखाचित्र तेवढं तयार होतं.

हिल्के हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही.
बुश खिशात टाकला, सगळ्यांचे कप गोळा केले.

पाचला मी दिवे मालवत खाली उतरलो.
भांडारात कुणीतरी होतं.
अंधारात एक हात
चाळीस वर्षांच्या अंतरावर नेमका पोचला,
आणि सातव्या फळीच्या जागी
सायकलची घंटा वाजली.

एकदाच.
मी दिवा लावला नाही.

इतिवृत्तात लिहिलं :
बैठक चार वाजून दहा मिनिटांनी संपली.